छत्री फिरवणारं माकड
मी सगळ्या लहरी पकडणारा रेडिओ रिसीव्हर आणला आणि बिरवाडीतल्या भाड्याच्या खोलीच्या पत्र्यावर चढून अँटेनाची तार ताणली. ताणताना माझ्या कोपराने घरमालकीण काकूंच्या टीव्हीची छत्री फिरली. मला परदेशी स्टेशन लागलं, खाली काकूंची मालिका गेली. काकू अंगणात येऊन मला म्हणाल्या,

“माकडांचंच काम हाय! तुला यातलं कळतं, बघ रे जरा.”

मी तज्ज्ञाच्या थाटात छत्री सरळ केली. बक्षीस म्हणून गरम घावनं आली. ओटीवर बसून ती चोरीच्या मालासारखी खाऊ लागलो. तेवढ्यात अंगणातल्या पेरूच्या झाडावर माकड दिसलं, काकूंनी दगड उचलला.

“काकू, मारू नका त्याला!”

“का रे, भाऊ लागतो तुझा?”

“छत्री मीच फिरवली, काकू. माकड इथं ओटीवर बसून घावनं खातंय.”

काकूंनी दगड खाली टाकला आणि माझ्यापुढचं ताट उचललं.