शौकत टेलिफोन कंपनी

मला लिहायची सवय नाही. वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात नोकरी संपली, पण स्वतः चार ओळी लिहायच्या म्हटलं की हात आखडतो. तरी शेजारच्या शौकतभाईंबद्दल लिहावंसं वाटतंय. नीट जमेल की नाही, सांगता येत नाही.

शौकतभाई मूळचे सिल्लोडचे. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. यांनी शहरात येऊन इंटरकॉम बसवायचं काम धरलं. हॉटेलं, कापसाच्या जिनिंग मिल, कन्नड तालुक्यातल्या कारखान्यांची ऑफिसं, सगळीकडे कमरेला चाचणीचा फोन लटकवून गेले. कायम दुसऱ्या ठेकेदारांच्या हाताखाली. स्वतःच्या नावाची पाटी लावायची त्यांना फार इच्छा होती, ती राहूनच गेली.

अलीकडे एका खासगी दवाखान्याचं तेवढं काम उरलं होतं. तिथंही नवी पद्धत येणार होती. भिंतीवरचं एक्स्चेंजचं कपाट जाणार आणि त्याच्या जागी कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर सगळे फोन चालवणार. तिथल्या मॅनेजर मोनिका मॅडमनी त्यांना सांगितलं, "शौकतभाई, हे शिकून दाखवा, मी तुम्हालाच ठेवते. नाहीतर बसवणारी कंपनी तिचा माणूस देतेय."

मग त्यांनी जुना लॅपटॉप घेतला आणि मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकू लागले. लॅपटॉपच्या आतच दुसरा, नसलेला कॉम्प्युटर उभा करायचा. तो खऱ्यासारखाच चालतो. त्यात ऑफिसच्या फोनचं सॉफ्टवेअर घालायचं आणि मोडतोड करत शिकायचं. याला ते लॅब म्हणत. फोनसुद्धा पडद्यावरचेच.

"खऱ्या नळाला पाणी नाय," अनिसाभाभी म्हणायच्या, "आन् यांच्या डब्यात कंपनी चालतीय!"

एके दिवशी ते माझ्याकडे आले. "बद्रीभाऊ, फोन लावल्यावर ऐकू येतं त्या स्वागताला आवाज पाहिजे. तुमची जबान साफ आहे."

मी नको नको म्हणत होतो. चारचौघांत बोलायला मी आजही घाबरतो. "कोण ऐकणार आहे?" ते म्हणाले. "लॅब आहे. आपण दोघंच." मग मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून बोललो: "नमस्कार. शौकत टेलिफोन कंपनीत आपलं स्वागत आहे. शौकत साहेबांशी बोलण्यासाठी एक दाबा. अनिसा मॅडमशी बोलण्यासाठी दोन दाबा." दोन दाबलं की माझाच आवाज सांगायचा, "मॅडम स्वयंपाकघरात आहेत." भाभी तोंडाला पदर लावून हसत होत्या. शौकतभाईंनी मात्र ते स्वागत डोळे मिटून पुन्हा पुन्हा ऐकलं.

दवाखान्यात तळमजल्यावर काही नवे फोन चाचणीसाठी लागले होते. बसवणाऱ्या कंपनीचा इंद्रजीत त्यातला एक जास्तीचा फोन बॅटरीच्या खोलीत ठेवून गेला होता. खरा टेबलावरचा फोन आपल्या लॅबला लागतो का, हे बघायचा मोह शौकतभाईंना आवरला नाही. त्यांनी लॅपटॉपची वायर भिंतीतल्या नेटवर्कच्या सॉकेटमध्ये घातली. घरी त्यांनी लॅबची दारं उघडी ठेवली होती. जो फोन विचारेल त्याला लॅबने पत्ता द्यायचा, आत घ्यायचं आणि कुठलाही नंबर फिरवला तरी स्वागत ऐकवायचं, अशी मांडणी होती. ती बंद करायची राहिली. तेवढ्यात वीज गेली आणि आली. नवे फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाले, आम्ही कुणाचे म्हणून विचारू लागले, आणि पहिलं उत्तर शौकतभाईंच्या लॅपटॉपने दिलं.

मी त्या वेळी तिथंच, रक्तातली साखर तपासायला बाहेरच्या बाकावर बसलो होतो. काउंटरवरच्या मुलीने औषध विभागाला फोन लावला, हात मोकळे नव्हते म्हणून स्पीकर दाबला, आणि माझा आवाज सगळ्या हॉलमध्ये घुमला. साहेबांसाठी एक. मॅडमसाठी दोन.

"ही कुठली कंपनी गं?" दुसरी म्हणाली. "दाब, दाब दोन!"

मॅडम स्वयंपाकघरात आहेत, हे सगळ्यांनी ऐकलं. पेशंटसुद्धा हसले. आतून एक डॉक्टर ओरडत आले, "अरे, माझ्या फोनवर 'सासूबाई' असं नाव का दिसतंय?" शौकतभाईंनी लॅबमधल्या फोनना सरावाला घरच्यांची नावं घातली होती.

ते बॅटरीच्या खोलीतून लॅपटॉप छातीशी धरून बाहेर आले. वायर जमिनीवर घासत होती. "माझं आहे ते," म्हणाले. "लॅब होती. चुकून बाहेर आली."

"शौकत साहेब का?" कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हसू फुटलं. त्यांची मान वर होईना.

मला बसवेना. उठलो आणि म्हणालो, "आवाज माझा आहे." ते म्हणताच सगळ्यांनी तो ओळखला. माझे कान तापले. पुढे काही बोलायचं ठरवलं होतं, ते आठवलंच नाही.

इंद्रजीतने लॅपटॉप बघितला. तो हसला नाही. "मॅडम, आमचे फोन यांनी न सांगता स्वतःच्या लॅबवर घेतले, ही चूक आहे. पण सगळे फोन लागले. म्हणजे चाचांना येतंय."

मोनिका मॅडमनी जमिनीवरची वायर उचलून शौकतभाईंच्या हातात दिली. मग म्हणाल्या, "काम तुमच्याकडेच राहील. पण ही लॅब परत माझ्या वायरीला लागली, तर बघा."

काम राहिलं. पण काउंटरवरच्या मुली त्यांना बघितलं की "आपलं स्वागत आहे" म्हणतात. वाईट मनाने नाही. शौकतभाई तरीही आता मागच्या, रुग्णवाहिकेकडच्या दाराने जातात. मीही तपासणी दुसरीकडे करतो.

लॅब त्यांनी सोडली नाही. आता तिची दारं बंद असतात, ती लॅपटॉपच्या आतल्या आतच चालते. परवा पुन्हा आले. "बद्रीभाऊ, आवाज द्या. जुना पुसला. पण नाव नको आता."

मी बोललो. "नमस्कार." सवयीने जरा थांबलो, मग उरलेलं म्हटलं. "आपलं स्वागत आहे."

त्यांनी एकदाच ऐकलं आणि ठेवून दिलं.

"अहो, कुठं स्वागत हाय," ओट्याजवळून भाभी म्हणाल्या, "ते तरी सांगा!"

शौकतभाईंनी लॅपटॉप मिटला.