थ्रोबॉलचा अपूर्ण वर्तमानकाळ

नववीच्या मुलींना इंग्रजीतला अपूर्ण वर्तमानकाळ शिकवायचा म्हणजे व्याख्या, वीस वाक्यं, मग चाचणी. तंजावूरच्या आमच्या मुलींच्या शाळेत हे असंच चालत आलं होतं आणि मीही तसंच चालवत होते. मुलींना चाचणीत गुण मिळायचे, पण इंग्रजीत बोला म्हटलं की सगळ्यांच्या नजरा बाकावर.

त्या वर्षी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, प्रत्येक विषयाला एक घटक नव्याने आखायला सांगितला. इंग्रजीला आम्ही दोघीच. दुसऱ्या बाई माझ्यापेक्षा वयाने बऱ्याच मोठ्या. मी त्यांना अक्का म्हणते. मी पहिल्या तासाला काय घ्यायचं ते लिहायला लागले, तशी अक्कांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

"आधी शेवटचा दिवस सांग," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "त्या दिवशी मुली काय करताना दिसायला हव्यात?"

"बोलताना," मी म्हटलं.

"कशाबद्दल?"

बाहेर मैदानावर नववीच्या दोन तुकड्या थ्रोबॉल खेळत होत्या. जाळीपलीकडे चेंडू गेला की आरडाओरडा, इकडे आला की आरडाओरडा. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कॉमेंटरी! घटकाचा शेवट एका खऱ्या सामन्याने करायचा आणि प्रत्येक मुलीने माइकवर थोडा वेळ तरी इंग्रजीत सामना सांगायचा.

घरी येऊन मी उत्साहाने आखणी केली. मुलींनी वाक्यं आधी लिहायची, पाठ करायची, मग म्हणायची. माझे सासरे क्रिकेटवेडे. टीव्हीचा आवाज घालवून ते स्वतःच कॉमेंटरी करतात. त्यांना मी सगळं वाचून दाखवलं.

"छान," ते म्हणाले. "पण पोरी, चेंडू तुझ्या कागदाप्रमाणे जाईल काय?"

"मग कसं करायचं, मामंजी?"

"समोर दिसतं ते बोलायचं. थांबायचं नाही. चुकलं तर पुढच्या वाक्यात सावरायचं. मज बघ." आमच्या घरच्या जुन्या वळणाच्या तंजावुरी मराठीवरून ते लगेच इंग्रजीवर गेले. "डॉटर-इन-लॉ इज पोअरिंग द कॉफी. शी इज पोअरिंग... शी इज लुकिंग ॲट मी... ओ, शी इज स्पिलिंग द कॉफी!"

कॉफी खरंच सांडली होती. हसत हसत मी ओटा पुसला आणि पाठांतराचे तास खोडून टाकले.

त्यांच्या जागी मी वर्गाची खिडकी घातली. रोज थोड्या मुलींनी खिडकीशी उभं राहून रस्त्यावरचं सांगायचं. आधी क्रियापदं फळ्यावर, मग बोलणं. पहिल्या दिवशी एक बस आली आणि गेली, तरी कुणी तोंड उघडेना. दुसऱ्या दिवशी एका शेळीने भिंतीवरचं पोस्टर खायला सुरुवात केली आणि वर्गाला वाचा फुटली. "द गोट इज ईटिंग द मिनिस्टर!" कुणीतरी ओरडलं. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य बिनचूक होतं.

एक मुलगी मात्र गप्पच. तिरुवैयारूच्या पुढच्या एका खेड्यातून बसने यायची, तमिळमध्ये अखंड बडबड, इंग्रजीत शब्द नाही. अक्का म्हणाल्या, "तिला जोडीदारीण दे. नुसतं 'येस' म्हणायला लाव." मग खिडकीशी तिची मैत्रीण बोलायची आणि ही "येस, येस" म्हणायची. हळूहळू "येस, ही इज फॉलिंग" इथपर्यंत आली.

सामन्याच्या दिवशी सगळी शाळा मैदानाभोवती बसली. मोठ्या बाई पुढच्या रांगेत खुर्चीवर होत्या. मुली जोडीजोडीने माइकवर येत होत्या, अडखळत होत्या, पण थांबत नव्हत्या. त्या दोघी आल्या तेव्हा सामना अगदी बरोबरीत होता. मैत्रीण म्हणाली, "शी इज थ्रोइंग द बॉल." ही म्हणाली, "येस."

चेंडू जाळीवरून गेला, खेळणाऱ्यांच्या डोक्यावरून गेला आणि सरळ खुर्च्यांकडे निघाला. मैत्रीण माइक सोडून डोळे झाकून उभी राहिली. आणि माझी गप्प मुलगी एकटीच ओरडायला लागली, "द बॉल इज गोइंग! इट इज गोइंग टू बिग टीचर! अय्यो, बिग टीचर इज स्टँडिंग! शी इज... शी इज कॅचिंग! शी इज कॅचिंग द बॉल!"

मोठ्या बाईंनी खरोखरच दोन्ही हातांनी चेंडू झेलला होता. मैदानात एकच कल्लोळ झाला. बाईंनी पदर सावरला, चेंडू परत मैदानात फेकला, आणि माइकवरून आवाज आला, "नाऊ शी इज थ्रोइंग! व्हेरी गुड थ्रो, मॅडम!" अक्का हसून हसून माझ्या खांद्यावर कोसळल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरले तर कुणाला बसायचं भानच नव्हतं. काल आजारी असलेल्या एका मुलीला सगळ्या मिळून सामना सांगत होत्या. मी ऐकते आहे हे पाहून त्या इंग्रजीवर आल्या. "मॅडम कॅच्ड द बॉल!" एक म्हणाली. "नो, नो, फर्स्ट शी स्टुड," माझी खेड्यातली मुलगी तिला अडवून म्हणाली.

भूतकाळाचा घटक आम्ही पुढच्या महिन्यात घेणार होतो. मी दारातूनच मागे फिरले आणि अक्कांना बोलवायला धावत गेले.