गाठीची जात

शेंदूरजनाघाटच्या एका संत्राबागवाल्याच्या बायकोचा मी जितका हेवा केला, तितका सख्ख्या जावेचाही केला नाही. जाऊ तर माझ्या डोळ्यांदेखत सोन्याच्या पाटल्या मिरवत होती. पण पाटल्यांचं दुःख चार दिवसांत ओसरतं. हे ओसरलं नाही, आणि ओसरावं असं मला वाटलंही नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हाची गोष्ट. आमचे हे अमरावतीला हायस्कुलात गणित शिकवायचे. लघवीतून रक्त जायला लागलं तेव्हा ऊन बाधलं असं समजून आम्ही धन्याजिऱ्याचं पाणी पाजत बसलो. शेवटी दवाखाना गाठला. सर्जन म्हणाले, डाव्या मूत्रपिंडात गाठ आहे, मूत्रपिंडच काढावं लागेल, माणूस एकावर जगतो. शेजारच्या खाटेवर तो बागवाला होता. त्यालाही तेच दुखणं, तेच ऑपरेशन, फक्त बाजू उजवी.

बागवालीची आणि माझी ओळख वॉर्डामागच्या अंगणात झाली. तिथे पेशंटच्या घरच्यांनी विटांच्या चुली मांडल्या होत्या. सासूबाई कडक सोवळ्याच्या, त्यांनी आमची चूल दूर कोपऱ्यात मांडायला लावली. पण विस्तव विझला की मला बागवालीकडेच जावं लागे. धिप्पाड बाई, कपाळभर कुंकू आणि आवाज असा की झोपलेला पेशंट उठून बसावा. नवऱ्याला ती बिनदिक्कत झापायची. "गुपचूप पडून राहा ना! टाके तुटले म्हंजे कोन पायनार तुमच्याकडे?" तोही तिच्यावर खेकसायचा आणि मग दोघं हसत सुटायची. आमच्या घरात नवराबायको चारचौघांत बोलत नसत. मी "ऐकलं का?" म्हणायचं आणि त्यांनी "हं" म्हणायचं, एवढ्यावर आमचा संसार चालला होता. त्यांचं ते मोकळंढाकळं भांडण ऐकून माझ्या पोटात दुखायला तिथेच सुरुवात झाली.

काढलेल्या दोन्ही गाठी तपासणीसाठी नागपूरला गेल्या होत्या. निकाल आला तेव्हा सर्जननी दोन्ही घरच्यांना एकदमच खोलीत बोलावलं. पेशंटांना काही कळू द्यायचं नव्हतं. आमच्याकडून सासूबाई, मी आणि अकोल्याहून आलेला माझा भाऊ, तिकडून ती एकटी.

"दोन्ही गाठी कॅन्सरच्याच आहेत," सर्जन म्हणाले, "पण यांची जात वेगळी आणि त्यांची जात वेगळी."

सासूबाईंनी पदर सावरला. "ते काय सांगायला पाहिजे? खाणंपिणं, आचारविचार, सगळंच वेगळं आहे."

"माणसाची नाही हो आजी, गाठीची जात." सर्जन हसू दाबत म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं. मास्तरांच्या गाठीतल्या पेशी भिंगाखाली काचेसारख्या स्वच्छ दिसत होत्या. ती नेहमीची जात, त्यांच्या पुस्तकात तिच्यावर पानंच्या पानं होती. बागवाल्याची गाठ बारीक बारीक बोटं फुटल्यासारखी वाढलेली. तिच्यावर पुस्तकात चार ओळी सापडल्या होत्या.

भावाने विचारलं, "पण आपल्या लोकांत कोणती जास्त होते?"

"पुस्तक विलायती आहे," सर्जन म्हणाले. "गोऱ्यांना तपासून लिहिलेलं. काळ्यांत कोणती जात जास्त, आपल्यात कोणती, हे कुणी बसून मोजलंय? फरक असेलही. मला नाही सांगता येणार."

बागवालीने यातलं काही ऐकलं नव्हतं. तिच्या डोक्यात त्या चार ओळीच बसल्या होत्या. तिने एकदम सर्जनचे पाय धरले. "डॉक्टरसायेब, आमच्या मानसाले बी मास्तरचीच जात लावा ना! आमची त बुकातच नाई. मंग दवा कोनची देसान?"

सर्जननी तिला उठवलं, पण तिचं रडं थांबेना. जाताना तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जशी काही मी रांगेत घुसून तिच्या वाटणीचं काही पळवलंय. मला बरं वाटलं. सासूबाईंनी तर घरी आल्यावर सगळ्या आळीला सांगितलं, "आमच्याकडे साहेबांची जात निघाली. पुस्तकात आहे सगळं." कॅन्सर झालेला मुलगा घरात, आणि आई मुलगा मॅट्रिक झाल्यासारखी बोलत होती. मीही त्यांना अडवलं नाही.

पुढच्या वर्षी यांना खोकला लागला. फोटो काढला तर गाठ छातीत गेलेली. मी सर्जनना म्हटलं, पानंच्या पानं आहेत ना, मग काढा ना त्यातून एखादं औषध. त्यांनी खोकल्याचं औषध लिहून दिलं. त्याच सुमारास बाजारात मला तो बागवाला दिसला. खांद्यावर संत्र्याचं टोपलं घेऊन गाडीत चढवत होता आणि बायको खालून त्याला शिव्या घालत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. याचीही वाढू दे, असं माझ्या मनात आलं. आलं ते आलं, त्याला मी काय करू?

त्याची वाढली नाही. चार ओळींची गाठ निमूट गेली ती गेलीच. आमचे हे संक्रांतीच्या आधी गेले.

आता माझी भाची डॉक्टर आहे. ती सांगते, अमेरिकेत मोजून पाहिलं, तर ती बोटांसारखी जात काळ्या लोकांत गोऱ्यांपेक्षा जास्त निघाली आणि काचेसारखी कमी. मी विचारलं, मग आमची दोन घरं? ती म्हणाली, "आत्या, दोन माणसांवरून काही ठरत नाही." असेल तसंच. माझं सगळं त्या दोन माणसांवरूनच ठरलं.

हे गेल्यावर भावाने मला अकोल्याला आणलं. ट्रेनिंग करून मी मुलींच्या शाळेत लागले आणि एक खोली भाड्याने घेतली. सासूबाईही तोवर गेल्या होत्या. अशी काही वर्षं गेली आणि एका दुपारी दारात बागवाली उभी. लेक अकोल्यात दिली होती, तिच्याकडून माझा पत्ता काढला म्हणाली. ओच्यात संत्री, कपाळावर तेच कुंकू.

"मास्तरीनबाई, वळखलं का?"

न ओळखायला काय झालं! मी पाणी दिलं. ती खाली बसून संत्रं सोलायला लागली आणि मनापासून हसली. "तवा किती रडली होती वं मी! तुमची जात मांगून रायली होती डॉक्टरले. बरं झालं बापा, त्यानं आयकलं नाई."

मग तिचं लक्ष माझ्या कपाळाकडे गेलं. तिने जीभ चावली आणि सोललेलं संत्रं तसंच माझ्या हातात ठेवलं. वाईट मनाची बाई नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं.

तेवढ्यात खालून गल्लीतून आरोळी आली, "चाल ना वं! गाडी चुकते ना!"

"आली ना! काहून बोंबलून रायले?" ती खिडकीतून तितक्याच जोरात ओरडली, लुगडं झटकलं आणि धडाधडा जिना उतरून गेली.

मी दारात उभी राहिले. गल्लीच्या वळणापर्यंत दोघांचं भांडण ऐकू येत होतं. ते पुरतं विरेपर्यंत मी ऐकलं. मग आत येऊन दार लावलं, आणि रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हटलं, "ऐकलं का?"