अंगठ्याची जागा

दुपारी माझा मित्र विश्वास आला. गिटारचा आवाज बदलणारी पेडलं, म्हणजे पायाने दाबायचे विटेएवढे लोखंडी डबे, जमवायचं त्याला वेड आहे. माझे सहाही डबे त्याने टेबलावर मांडले, उलटेपालटे केले आणि एक उचलून म्हणाला, "हा जपून ठेव. वीस वर्षांनी लोक शोधत येतील."

आवाज न आवडल्यामुळे खोक्यातच राहिलेला तो डबा.

"आणि हा पिवळा?" मी विचारलं.

"याचा रंग उडालाय रे. याला कोण विचारतो?"

रंग माझ्या अंगठ्याने उडालाय. ऑर्केस्ट्रात आम्ही चपला खाली काढून, स्टेजला हात लावून वर चढायचो; जन्मभर अनवाणीच वाजवलं. पण हे सांगायचाही कंटाळा आला. त्याचं चूक नव्हतंच. ज्यावर कुणाचा पाय पडला नाही तेच कोरं उरतं, आणि लोक कोऱ्यालाच जपतात. ओळखीतली काही माणसंही अशी खोक्यात राहून तकतकीत आहेत. पूर्वी त्यांचा हेवा वाटायचा, आता तोही दमला.

विश्वास गेल्यावर पिवळा डबा जमिनीवर ठेवला. अंगठा उडालेल्या रंगावर बरोब्बर बसला. सांधा दुखला, तरी दाबला. खट् वाजलं, बस्स. गिटार केव्हाच देऊन टाकलीय. घरी सराव करायचो तेव्हा प्रत्येक गाण्याआधी हा खट् व्हायचा.

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "अहो, कुठलं गाणं?"