संघाची गाडी तापायची

इंजनातलं आपल्याला सगळं कळतं, असं पिराजीचं मत होतं. आणि ते काही उगाच नव्हतं. एसटीच्या डेपोत पाच वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली घासला, पुण्याला ट्रकच्या कारखान्यात तीन महिने शिकून आला, आणि उस्मानाबादेत सोलापूर रस्त्याला नव्या ट्रकांची एजन्सी होती तिथं डिझेल मिस्त्री म्हणून लागला. गाडी फाटकातून आत वळली की कुठला सिलिंडर आळस करतोय ते हा आवाजावरून सांगायचा. असा माणूस त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात एका गाडीपुढं हात टेकून बसला. सांगायला बरं वाटत नाही, पण बसला.

गाडी तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाची. कोरी करकरीत, ग्यारंटीतली. एरवी ती खत न्यायची, ज्वारी आणायची. दुष्काळ पडला तशी संघानं तिच्या पाठीवर लोखंडी टाकी चढवली आणि ती गावोगाव पाणी नेऊ लागली. नेऊ लागली कसली, घाटात जाऊन तापू लागली. वाफा काय, शिट्ट्या काय, अर्धा अर्धा तास जागची हलायची नाही. तिकडं गावं घागरी मांडून ताटकळलेली, इकडं संघाचा मॅनेजर एजन्सीत येऊन टेबलावर हात आपटायचा.

पहिल्यांदा आली तेव्हा पिराजीनं पंख्याचा पट्टा बदलला, पाण्याचा पंप खोलून पाहिला. दुसऱ्यांदा हेड उतरवलं, गॅस्केट नवं टाकलं. तिसऱ्यांदा रेडिएटरच काढला, सोड्यानं धुतला, आणि कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तसं आत गंज धरू नये म्हणून एक तेल ओतलं. ते तेल पाण्यात पडलं की पाणी पांढरंफेक होतं. बरं, एजन्सीच्या आवारात गाडी तासभर चालू ठेवली तरी तापमानाचा काटा जागचा हलत नव्हता. बाहेर गेली की तापायची. आता याला काय म्हणावं? पिराजी जेवताना विचार करायचा, झोपताना विचार करायचा, आणि जितका विचार करायचा तितकं डोकं चालेनासं व्हायचं.

चौथ्यांदा गाडी आली तेव्हा फोरमन वीरप्पाअण्णांनी त्याला बाजूला घेतलं. अण्णा मनानं चांगला माणूस, पण बोलणं विटेसारखं.

"पिराजी, जूनला तुझं नाव पक्क्यात घालायचं म्हणून शेठजींकडं मी शब्द टाकलाय. आता या गाडीचं कारण काढ आणि कामाच्या कार्डावर लिहून दे. चूक कंपनीची असो, डायव्हरची असो, कुनाची बी असो. न्हाय निघालं तर मला तोंड न्हाय."

नोकरीत पक्कं होणं म्हणजे काय, ते पिराजीला आणि त्याची बायको चांगुणा हिलाच ठाऊक. चांगुणा गावाकडं तेरला होती आणि दुष्काळी कामावर खडी फोडत होती. एक वर्ष झालं. हातोडा धरून धरून तिला सकाळी मूठ उघडता येत नव्हती, गरम पाण्यात हात बुडवले की मग बोटं हलायची. पिराजीनं तिला सांगितलं होतं, ज्या दिवशी मी पक्का होईन त्या दिवशी हातोडा टाक आणि उस्मानाबादेला खोलीवर ये. तिनं ते साऱ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

तेव्हा पिराजीनं ठरवलं, आपण गाडीबरोबरच जायचं. ड्रायव्हर बिभीषण म्हणाला, "तुला कशाला तरास, म्या सांगतो की कुठं तापती ते." पिराजीनं ऐकलं नाही. गाडी विहिरीवर भरली, टाकीच्या तोटीला कुलूप लागलं, आणि हे दोघं निघाले. तामलवाडीच्या अलीकडं माळ लागेपर्यंत इंजन गुण्यागोविंदानं चाललं होतं. पिराजी कान लावून बसलेला. एक वाकडा आवाज नाही.

माळावर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर धनगरांची सात-आठ खोपटं होती. बिभीषणानं गाडी उभी केली. "तू खाली उतरू नको," म्हणाला. असं म्हटल्यावर कोण बसून राहील? पिराजी उतरला. बघतो तर बिभीषण पाना घेऊन रेडिएटरखाली शिरलेला, एक म्हातारी दोन कळशा घेऊन उभी, आणि रेडिएटरच्या खालच्या तोटीतून वाफाळतं पाणी कळशीत पडतंय.

पट्टा, पंप, हेड, गॅस्केट, सगळं पिराजीच्या डोळ्यांपुढून फिरून गेलं. आपण काय काय खोललं, आणि घोडं पेंड खात होतं ते इथं.

"गाडी मारायची हाय का तुला?" तो बिभीषणावर ओरडला.

"टाकीला कुलूप हाय. किल्ली पुढं गावच्या तलाठ्याकडं," बिभीषण तोटी बंद करत म्हणाला. "ही वस्ती कुठल्याच यादीत न्हाय. विहिरीवर भरताना वर एक डबासुद्धा घेऊ देत न्हाईत. पन इंजनाला पानी घालू नको असं कोन म्हणंल? तेवढंच माझ्या हातचं हाय. पुढं सावकाश नेतो, तापली की थांबतो."

पिराजीला राग आला होता, अगदी खरा राग. पण तो राग काही केल्या टिकेना. त्याच्या आईचं निम्मं आयुष्य दुसऱ्या कुणी वरून पाणी ओतायची वाट बघण्यात गेलं होतं. विहीर समोर, पण जातीमुळं हात लावायचा नाही. ती विहीर अडवणाऱ्यांचा हिशेब इथल्या माणसांकडं मागण्यात काही अर्थ नव्हता. त्यांच्या कळशा तेवढ्याच कोरड्या होत्या.

म्हातारीनं त्याला खालीवर न्याहाळलं. तिचं नाव सिताबाई.

"तुमी मिस्त्री व्हय? मग एक इचारते बाबा. मागल्या खेपंला ते पांढरं आलं, तसलं पुन्हा येनार न्हाय ना?"

पिराजीनं तिच्या कळशीत वाकून पाहिलं. "पांढरं? त्याचं काय केलं तुमी?"

"ह्यो बिभीषण म्हणत हुता, जनावरांस्नी घाला. पन दूध कोन जनावराला घालतं? गावात सरकारी दुदाची भुकटी वाटत्यात, आमच्यापत्तुर येत न्हाय. म्या म्हणलं, आली बया एकदाची. सून अकरा दिसांची बाळंतीण. तिला तांब्याभर पाजलं."

सून तीन दिवस ओकत होती. अंगावरचं दूध आटलं. आता उठून बसते, असं सिताबाईनं सांगितलं, आणि मूल शेळीच्या दुधावर आहे, पण शेळ्याच हाडं झाल्यात.

"ते दूध नव्हतं मावशी," पिराजी म्हणाला. "तेल हुतं. म्या घातलेलं."

"तुमी कशाला मुद्दाम घालाल," सिताबाई म्हणाली. "तुमाला काय ठावं, ते कोन पितंय."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं. परतीच्या वाटेवर पिराजी कार्डावर काय लिहावं याचाच विचार करत होता. एकदा त्याला वाटायचं, बिभीषणाचं नाव लिहावं. ड्रायव्हर पाणी काढतो, यात खोटं काय? पण मग बिभीषणाची नोकरी जाणार आणि वस्तीच्या त्या दोन कळशा जाणार. एकदा वाटायचं, एखाद्या पार्टवर ढकलावं. पण ग्यारंटीतला पार्ट पुण्याला जातो, तिथं तपासतात, चांगला निघाला की फजिती. आणि मधेच ती बाई आठवायची, जिला त्यानं पाहिलंसुद्धा नव्हतं. चूक कुणाची? यादी करणाऱ्याची, कुलूप लावणाऱ्याची, की पुस्तकात तेल लिहिणाऱ्याची? इंजन असतं तर त्यानं एकेक नट खोलून बघितलं असतं. हे खोलायचं कुठून, तेच त्याला कळेना.

एजन्सीच्या फाटकाशी उतरताना तो बिभीषणाला एवढंच म्हणाला, "एकच कळशी काढत जा. मग घाटात तापायची न्हाय. आन् त्यात तेल म्या पुन्हा घालनार न्हाय." आणि आत जाऊन त्यानं कार्डावर लिहिलं : रेडिएटरची खालची तोटी मिस्त्रीनं नीट आवळली नव्हती, पाणी गळत होतं. आता आवळली आहे.

वीरप्पाअण्णांनी ते दोनदा वाचलं.

"चार वेळा गाडी आली, आन् चारी वेळा तू तोटी ढिली ठेवलीस?"

"व्हय अण्णा."

"तुझ्या हातनं?" अण्णांना हे पटलं नव्हतं, ते तोंडावर दिसत होतं. पण लिहिलेलं लिहिलेलं. त्यांनी कार्ड शेठजींकडं नेलं. जूनच्या पक्क्यात पिराजीचं नाव आलं नाही. पुढच्या जूनला बघू, असं सांगितलं. संघाची गाडी मात्र पाचव्यांदा आली नाही.

रविवारी पिराजी तेरला गेला. जेवण झाल्यावर त्यानं चांगुणाला सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. मनात कुठंतरी त्याला वाटत होतं, ही म्हणेल, बरं केलंत. नाहीतर निदान भांडेल तरी.

चांगुणानं आधी त्या बाळंतिणीचं विचारलं. उठून बसते का, मूल पितंय का.

"त्यांचं पानी ऱ्हायलं, ते चांगलं झालं," ती म्हणाली. "पन तुमी कागदावर तुमची चूक लिवली, तवा माझं आनखी एक वरीस बी त्यात लिवून आलात. मला इचारलं व्हतं का?"

पिराजी म्हणाला, "तू न्हाय म्हणली असतीस?"

"ठावं न्हाय," चांगुणा म्हणाली. "व्हय म्हणले असते बी. पन इचारलं न्हाईत."

सकाळी तिनं पाणी तापवलं, त्यात हात बुडवून बसली आणि बोटं हलायला लागल्यावर कामावर गेली.