मुकुटातला प्रोसेसर

हरेशने पेणच्या कारखान्यात गणपतीच्या मुकुटातलं सोनं उचकटलं, ही बातमी सोमवारी संध्याकाळी त्याच्या गावी, रोह्याजवळच्या अष्टमीत पोचली. आणली शेजारच्या दाजींनी; पेपरवाला त्यांच्यानंतर येतो. उचकटलं हे खरं. पण ते सोनं नव्हतं, प्रोसेसर होता, आणि तोही हरेशनेच दिलेला.

हरेश कंप्युटर दुरुस्त करतो. स्क्रूड्रायव्हर शर्टाच्या खिशात, डॉक्टरच्या थर्मामीटरसारखा. रविवारी त्याने रोह्यातल्या एका छोट्या कंपनीच्या सर्व्हरमधला जुना प्रोसेसर काढून नव्या पिढीचा बसवला. पंखा फिरला. पंखा फिरला म्हणजे झालं, असं ठरवून गडी स्क्रीन न बघताच पेणला सगुणाआत्याकडे जेवायला! आत्या तिथल्या कारखान्यात गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखते. जुना प्रोसेसर तिला देऊन म्हणाला, "सोनेरी ठिपके बघ कसे हायत. आता याचं काय काम नाय."

सोमवारी सकाळी पंखा जोरात, स्क्रीन काळी. मदरबोर्डला नवा प्रोसेसर चालतो, असं खोक्यावर छापलेलं होतं. खाली बारीक अक्षरांत, आधी बोर्डात नवा प्रोग्राम भरा. आणि तो भरायचा तर बोर्डाच्या ओळखीतला जुना प्रोसेसर बसलेला हवा.

साहेब म्हणाले, "तीनच्या शिफ्टला सर्व्हर चालू नसला, तर पुढच्या वर्षापासून दुसरा माणूस."

आत्या फोन उचलेना, हात रंगात. हरेशने स्कूटर काढली. वाटेतलं निडी गाव कधी मागे पडलं, त्याला कळलं नाही.

कारखान्यात पोचला, तर प्रोसेसर एका मूर्तीच्या मुकुटावर, बरोब्बर मधोमध, ठिपके बाहेर. आणि आत्याचा नियम असा, की डोळे आखले की मूर्तीला पटाशी लावायची नाही. एक डोळा झाला होता.

"आत्या, थांब! एका डोळ्यानं थोडंच दिसतंय त्याला?"

"दिसतंय रे मेल्या. तुझ्याकडंच बघतोय."

"मग माझं काम जातंय, ते पण दिसंल."

आत्याने कुंचला खाली ठेवला. "पटाशी नाय. नखानं काढ. आणि उद्या आणून लाव. तोवर दुसरा डोळा आखायची नाय मी."

गोंद पाठीला होता, ठिपके कोरडे. रोह्याला येऊन जुना बसवला, प्रोग्राम भरला, परत नवा बसवला. तीनला पाच कमी असताना स्क्रीनवर अक्षरं उमटली.

मंगळवारी मुकुट पुन्हा भरला, दुसरा डोळा उघडला. संध्याकाळी नाक्यावर दाजींनी चारचौघांत विचारलं, "काय रे, पचलं काय देवाचं सोनं?"

हरेश म्हणाला, "दाजी, मी नेलं ते दुसऱ्या दिवशी परत लावलं. तुम्ही माझी शिडी नेलीय, तिला तिसरं वर्ष लागलंय."