दुसऱ्या पानावरची ओळ

आमच्या शेवगावकडच्या शाळेत कॉम्प्युटरवर यादी करायची म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. मुख्याध्यापकांची अट एकच असते, "मॅडम, एका पानात बसवा." कागदाच्या बाबतीत सर इतके काटकसरी, की पाठकोरा कागद दिसला तरी त्यांचा चेहरा खुलतो.

नगरच्या सहलीची यादी मी अशीच बसवली होती. मुलांची नावं, पालकांचे फोन आणि शेवटी 'सूचना' असा एक रकाना. कुणाला बस लागते, कुणाला खिडकीच हवी, असलं काहीबाही पालक त्यात लिहायला सांगायचे. दुसरीतल्या एका मुलीची आई मात्र हातातलं काम टाकून शाळेत आली. "मॅडम, शेंगदान्याचा कन बी चालत न्हाई तिला. घसा सुजतो, दम कोंडतो." आमच्याकडे भाजीत कूट, आमटीत कूट, खिचडीत तर विचारूच नका. मी तिला म्हटलं, काळजी करू नका, आणि तिच्यासमोरच टाइप केलं, 'शेंगदाणे अजिबात देऊ नयेत'.

यादी दीड पान झाली. मग मी रकाने अरुंद केले, सगळ्या ओळी निवडून त्यांची उंची कमी केली आणि सगळं एका पानात कोंबलं. सर "वा!" म्हणाले. मीही फुशारले. एक प्रत शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना दिली, कारण सहलीच्या सकाळचा नाश्ता त्याच करणार होत्या.

त्या दिवशी मुलं व्हरांड्यात पोह्यांसाठी बसली आणि मावशी पदराला हात पुसत, तो कागद घेऊन माझ्यापाशी आल्या.

"मॅडम, ह्या पोरीच्या म्होरं शेंगदाने लिव्हलंय. मला वाटलं, आवडत आसतील, चार जास्तीचे घालावं. पन चौकटीच्या तळाला ह्या रेघा कशाच्या? खाली आजून कायतरी हाय."

मी बघितलं आणि गारच पडले. अरुंद रकान्यात वाक्य मोडून दोन ओळींचं झालं होतं, आणि खालची ओळ मी कमी केलेल्या उंचीत गडप झाली होती. 'अजिबात देऊ नयेत' यातल्या शिरोरेघा आणि वरच्या मात्रा तेवढ्या तळाशी दिसत होत्या.

"मावशी, तिला पोहे दिले?"

"तुमाला इचारल्याबिगर कशी दिईन? तिच्यापुरतं वायल्या कढईत केल्यात, बिनशेंगदान्याचं."

मला तिथंच रडू फुटलं. मावशींचं शिक्षण चौथीपर्यंतचं. यादी मी तीनदा तपासली होती, सरांनी सही केली होती, आणि त्या रेघा आम्हा दोघांनाही दिसल्या नव्हत्या. थोड्या वेळानं ती मुलगी त्या कढईतले पोहे दुसऱ्यांदा मागून घेत होती. तिच्याकडे बघत मी मावशींचे हात धरले, तर त्या म्हणाल्या, "सोडा मॅडम, त्याल लागंल तुमच्या साडीला."

तेव्हापासून ओळीच्या क्रमांकाखालच्या रेघेवर डबल क्लिक केल्याशिवाय मी काही छापत नाही. ओळ तिला हवी तेवढी उंच होते, पानं वाढली तर वाढली.

यंदाची यादी आधी मावशींना दाखवली. त्यांनी प्रत्येक चौकटीवरून बोट फिरवलं. "समदं दिसतंय. पन मॅडम, मी कुठं हाय ह्याच्यात?"

दर सहलीला त्या आमच्याबरोबर येतात, पातेली घेऊन. आणि एकाही वर्षीच्या यादीत त्या नव्हत्या. मी खुर्चीत बसले, शेवटी एक ओळ वाढवली, त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. पहिलं पान भरलेलं होतं, त्यामुळे ती एकच ओळ दुसऱ्या पानावर गेली.

सरांनी ते पान उचलून बघितलं. "मॅडम, एका ओळीसाठी अख्खा कागद?"

"हो सर," मी म्हणाले.

सरांनी त्या पानावर सही केली.